लगेजच्या डब्यातले काका

काल सकाळी कसारा लोकलमध्ये एक काका माझ्या कॅमेऱ्यावर बसले. म्हणजे बॅगेवर, पण आत कॅमेराच होता ना.

कॅमेरा ४×५ इंची फिल्मचा, भात्याचा, मागे घासलेली काच. वर ट्रायपॉड, फिल्म भरायचे होल्डर, काळं कापड. एवढं घेऊन साध्या डब्यात शिरलो तर लोक मला ट्रायपॉडसकट कुर्ल्याला उतरवतील, म्हणून लगेजचा डबा. तिथे मासळीच्या पाटीचं पाणी वाहत येत होतं म्हणून मी कापडाची पिशवी उचलायला वाकलो, तेवढ्यात काका टेकले.

"काका उठा, आत काच आहे."

"मग वर लिहायचं ना तसं. आहे काय?"

"कॅमेरा."

"एवढा? किती मेगापिक्सल?"

"फिल्मचा आहे हो."

"अजून मिळते? रोलमध्ये छत्तीस ना?"

"रोल नाही. एका होल्डरमध्ये दोन फोटो. पुढून एक, मागून एक."

"दोन!" काकांनी दूधवाल्याकडे असं बघितलं की तोही बिचारा हळहळला. "आणि फोटो दिसतो कुठे?"

"मागच्या काचेवर. उलटा दिसतो, डोकं खाली पाय वर."

"अच्छा, म्हणजे रिपेअरला चाललायस."

हे सगळं बसल्या बसल्या हां. आणि काकांचं लगेज काय, तर सुरळी केलेला पेपर. लगेजच्या डब्यात निम्मी माणसं अशीच मोकळ्या हातांनी हवा खायला येतात आणि खरं सामान असलेला माणूस दारात लटकतो, त्याला कोणी विचारत नाही. विमानाने जावं तर तिथे वेगळी तऱ्हा, सामान तपासायच्या नव्या सीटी स्कॅनरमधून एकदा जरी गेली तरी फिल्म धुरकटते, हे कोडॅकवालेच सांगतात, पण हाताने तपासा म्हटलं की तिथला माणूस फिल्मचा सीलबंद डबा उघडायलाच निघतो. अहो, उजेड लागला की आतली सगळी शीटं बाद! एकेक शीट शेकड्यात जाते, धुवायचे पैसे वेगळे. आणि ती काच फुटली तर बाहेरून मागवा, वर कस्टम भरा, तोवर घाटातलं धुकं काय माझ्यासाठी थांबणारे?

ठाणे गेलं, डोंबिवली गेलं. "काका, प्लीज" चारचौघांत किती वेळा म्हणणार? शेवटी कल्याणला उठले. मी बॅगेकडे हात नेतोय तोवर नव्याने चढलेल्या एकाला म्हणाले, "बस इथे, मजबूत आहे."