पानगळीत कामसू राहण्याचा राजमार्ग

सप्टेंबरची 22 किंवा 23 तारीख उजाडली आणि दिवस-रात्र समसमान झाली, की सुजाण माणसाने सर्वप्रथम खिडकीचा पडदा ओढून घ्यावा. बाहेर जे चाललेले असते, ते कोणत्याही महत्त्वाकांक्षी व्यक्तीने पाहण्याजोगे नसते. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे व्यंग तिने अद्याप दुरुस्त केलेले नाही, आणि त्या एका ढिलाईपायी उत्तर गोलार्धातला दिवस नेमका याच सुमारास सर्वाधिक वेगाने आटू लागतो. 50 अंश अक्षांशावर तो रोज जवळपास चार मिनिटांनी लहान होतो, म्हणजे आठवड्याला अर्ध्या तासाला थोडाच कमी. एखाद्या पुरवठादाराने दर आठवड्याला असा हात आखडता घेतला असता, तर आपण त्याच्याशी व्यवहार केव्हाच बंद केला असता. सूर्याच्या बाबतीत ती सोय नसल्यामुळे ही तूट आपल्याला स्वतःच्या निग्रहातून भरून काढायची आहे.

या दिवसांत सर्वांत जपायचे ते झाडांच्या संगतीपासून. उन्हाळाभर निमूटपणे राबलेले झाड प्रकाश आणि ऊब कमी होताच असा हिशोब मांडते, की आता पान चालवण्याचा खर्च पानाच्या कमाईपेक्षा जास्त होणार. मग ते पानातले हरितद्रव्य मोडीत काढते, त्यातल्या नायट्रोजनचा जवळपास निम्मा किंवा त्याहून अधिक भाग फांदीत आणि खोडात परत ओढून घेते, देठाच्या बुडाशी पेशींचा एक विलग करणारा थर तयार करते आणि पान सोडून देते. या संपूर्ण कारवाईत झाड एकही बैठक बोलावत नाही. वर्षअखेरीचे उद्दिष्ट अपुरे राहिले याची त्याला खंत वाटत नाही, आणि एकतीस डिसेंबरपर्यंत हिरवे राहून दाखवण्याचा निर्धारही ते करत नाही. पानगळीच्या ज्या पिवळ्या रंगाचे लोक एवढे कौतुक करतात, तो तर पानात आधीपासूनच असतो. हिरव्याचा पडदा सरला म्हणून तो दिसतो इतकेच. तांबडा रंग मात्र झाड अखेरच्या दिवसांत खर्च करून नव्याने बनवते, आणि तो नेमका कशासाठी, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत झालेले नाही. मुदत संपत आल्यावर मोठ्या हौसेने असे काम काढायचे, की ज्याचा हेतू कोणालाच ठामपणे सांगता येऊ नये, एवढ्या एकाच बाबतीत झाड आपल्या कार्यालयीन संस्कृतीच्या जवळ आलेले दिसते. बाकी त्याच्याकडून शिकण्यासारखे काही नाही.

दुर्दैवाने आपले शरीरही आतून झाडांना सामील आहे. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, की त्यांचे मुख्य काम चित्र दाखवणे हे नसून बाहेर किती उजेड आहे याची खबर मेंदूपर्यंत पोहोचवणे हे असते. ही खबर मेंदूच्या तळाशी असलेल्या सुमारे 20 हजार चेतापेशींच्या एका इवल्याशा केंद्राकडे जाते आणि तेथून झोपेचे, जागेपणाचे, शरीराच्या तापमानाचे वेळापत्रक चालते. सकाळचा उजेड उशिरा आला, की हे घड्याळही मागे रेंगाळू लागते, आणि गजर वाजतो तेव्हा शरीराच्या मते अजून रात्रच असते. आपण भिंतीवर लावलेली स्फूर्तिदायक वचने या केंद्राने आजवर वाचलेली नाहीत. या अंतर्गत घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा संशोधकांना 2017 साली नोबेल पारितोषिकही देण्यात आले. परंतु हे घड्याळ व्यवस्थापनाच्या सूचनेवरून पुढे कसे ढकलावे, हा खरा उपयुक्त प्रश्न त्यांनी अनुत्तरित ठेवला.

येथे एक धोक्याची सूचना देणे मी कर्तव्य समजतो. काही लोक आपल्याला सांगतील, की सकाळी अर्धा तास नुसते बाहेर जाऊन चालावे. त्यांचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो: कार्यालयात टेबलावर साधारण 300 ते 500 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतका उजेड पडतो, तर ढगाळ दिवशीही उघड्यावर तो काही हजारांच्या घरात असतो आणि स्वच्छ उन्हात एक लाखाच्या आसपास जातो. डोळ्यांना आपोआप जुळवून घेण्याची खोड असल्यामुळे हा फरक आपल्याला जाणवत नाही, मेंदूतल्या त्या केंद्राला मात्र जाणवतो. 1984 साली नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचे वर्णन केले, आणि पुढे डॉक्टर अशा रुग्णांना सकाळी सुमारे 10 हजार लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास बसवू लागले. म्हणजे ज्याला आपण आजवर आळस म्हणून झिडकारले, त्याचे एक टोक खऱ्या आजारापर्यंत पोहोचते आणि त्यावर उपचारही आहेत. असल्या माहितीने विचलित होऊ नये. चालण्याच्या सल्ल्यातली मूळ खोट ही, की तो फुकट आहे, त्यातून काहीही तयार होत नाही आणि चालून आल्यावर आपण काय साध्य केले, हे चारचौघांत सांगता येत नाही. जाणे अगदीच टळत नसेल, तर कानात वेळेच्या नियोजनावरचे एखादे व्याख्यान लावून आणि डोळे हातातल्या फोनवर खिळवून चालावे, म्हणजे आकाशाचा उपद्रव बराच कमी होतो.

त्याऐवजी आपण नव्या सवयी लावून घ्याव्यात. त्यासाठी एक जाड रोजनिशी घ्यावी, सहा रंगांची पेने घ्यावीत आणि कोणत्या रंगाने कोणत्या प्रकारचे काम लिहायचे, याचा तक्ता पहिल्या पानावर काढावा. हा तक्ता नीट जमेपर्यंत एक आठवडा सहज निघून जातो आणि तो आठवडा आपण मनापासून कामात असतो, हे कोणीही नाकारू शकणार नाही. सवय 21 दिवसांत लागते, असे आपण ऐकलेच असेल. या आकड्याचा उगम सहसा 1960 साली एका प्लास्टिक सर्जनने नोंदवलेल्या निरीक्षणात सांगितला जातो. शस्त्रक्रियेनंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान 21 दिवस लागतात, असे त्यांना आढळले होते. पहाटे पाच वाजता उठून ध्येये लिहिणाऱ्या माणसालाही आरशात नवाच चेहरा दिसत असल्यामुळे हा आकडा आपल्यालाही लागू आहे, असे समजायला हरकत नाही. पुढे लंडनमधील संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्यक्ष मोजदाद केली, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात आणि हा काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत बदलू शकतो, असा अंदाज निघाला. हिशोब सोपा आहे. 22 सप्टेंबरला आरंभ केल्यास सरासरी माणूस 27 नोव्हेंबरला, म्हणजे झाडे पूर्ण बोडकी झाल्यावर, शरद ऋतूसाठी सिद्ध होतो. आणि आपण जर संथ गटातले असाल, तर पानगळीतल्या उत्साहाची सवय आपल्याला 3 जूनच्या सुमारास, भर उन्हाळ्याच्या तोंडावर जडेल. उशिरा आलेली शिस्त ही शिस्तच असते.

ज्या देशांत या ऋतूत घड्याळे एक तास मागे घेतात, तेथील वाचकांना तर साक्षात साठ मिनिटांचे घबाड मिळते. हा तास झोपेत घालवण्याचा मोह अनेकांना होतो. तो वसंतात आपल्याच खिशातून काढून घेतलेला असतो, हे विसरून जावे आणि त्या तासात पुढच्या तीन महिन्यांचे वेळापत्रक आखावे. घड्याळे सरकवण्याची ही कल्पना 1895 साली न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसन यांनी मांडली होती, आणि त्यामागे कामाचे तास वाढवण्याचा हेतू मुळीच नव्हता. या गृहस्थांना काम सुटल्यावर किडे गोळा करण्यासाठी उजेड हवा होता. एवढी चांगली योजना एका माणसाच्या छंदातून जन्मली, हे नव्या पिढीला शक्यतो कळू देऊ नये.

एवढे सगळे करूनही दुपारी चार वाजता, बाहेर अंधारून येत असताना, डोळे मिटू लागतात, ही तक्रार माझ्या कानावर नेहमी येते. अशा वेळी 25 मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही प्रसिद्ध पद्धत वापरावी. निदान ती पाच मिनिटे तरी विनासायास पार पडतात. झोप अपुरी होते का, संध्याकाळनंतर फोन-संगणकाच्या पडद्याचा उजेड डोळ्यांवर किती पडतो, कामाचा ढीग मुळातच एका माणसाच्या आवाक्यातला आहे का, हे प्रश्न स्वतःला विचारू नयेत, कारण त्यांची उत्तरे मिळण्याचा संभव असतो. वरिष्ठांना तर ते मुळीच विचारू नयेत. प्रेरणा ही आतून यावी लागते, असे वरिष्ठांनीच सांगितलेले आहे, आणि ती आतून आली म्हणजे बाहेरून मनुष्यबळ आणावे लागत नाही.

डिसेंबर उजाडेपर्यंत यातले काहीच साधले नाही, तरी खचून जाण्याचे कारण नाही. दक्षिण गोलार्धात शरद ऋतू 20 मार्चच्या आसपास सुरू होतो, आणि खऱ्या जिद्दीच्या माणसाला तेथे जाऊन हाच उपक्रम पहिल्यापासून राबवता येतो. रोजनिशी आठवणीने सोबत न्यावी. फक्त तारखा खोडून नव्याने लिहाव्या लागतील. रंगांचा तक्ता तयारच आहे आणि पुढची पाने अद्याप कोरीच असतील.