मतिलाल, न्यायदर्शन आणि दोरीवरचा साप : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

भारतीय तत्त्वज्ञानाचे अभ्यासक बिमल कृष्ण मतिलाल यांच्यावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत : त्यांनी न्यायदर्शन, म्हणजे तर्क आणि ज्ञान यांचा विचार करणारे भारतीय दर्शन, पाश्चात्त्य साच्यात बसवले, आणि दोरीच्या जागी साप दिसतो एवढ्यानेच नैयायिकांचा (न्यायदर्शनाच्या अनुयायांचा) वास्तववाद, म्हणजे दिसणारे जग ज्ञानाबाहेर खरोखर आहे हे मत, कोसळतो.

मतिलाल १९७६ साली ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले हे खरे. परंतु हार्वर्डला जाण्यापूर्वी ते कलकत्त्याच्या संस्कृत महाविद्यालयात शिकवत होते आणि पंडितांकडे न्याय शिकून १९६२ साली 'तर्कतीर्थ' ही न्यायशास्त्राची पारंपरिक पदवी मिळवून बसले होते. आपल्या वाईला ही पदवी परकी नाही, कारण प्रज्ञापाठशाळेत घडलेले लक्ष्मणशास्त्री जोशी १९२३ साली कलकत्त्याचेच तर्कतीर्थ झाले. बौद्ध मताला मतिलालांनी 'फिनॉमिनॅलिझम' (आपल्याला कळतात ते केवळ अनुभवातले आभास, असे मानणारे पाश्चात्त्य मत) म्हणावे, हे मलाही खटकते. तेवढ्यापुरता आपला आक्षेप मान्य आहे. मात्र त्यांच्या १९८६ सालच्या 'पर्सेप्शन' या ग्रंथात नैयायिकांना मुख्यतः उत्तरे द्यावी लागतात ती पाश्चात्त्यांना नव्हे, तर नागार्जुन आणि दिङ्नाग या बौद्ध तत्त्वज्ञांना.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे. पावसाळ्यात पसरणी घाटातल्या धुक्यात पुढे खांब आहे की माणूस, असे वाटते तेव्हा तो संशय. माणूसच आहे असे ठाम वाटते आणि निघतो खांब, तेव्हा तो भ्रम. न्यायसूत्रकार गौतमाने प्रत्यक्षाच्या (इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाच्या) लक्षणातच 'अव्यभिचारि' (न चुकणारे) हे पद घालून भ्रमाला प्रमाणातून, म्हणजे खऱ्या ज्ञानाच्या साधनांतून, वगळले आहे. पण भ्रमात दिसते ते काय? दोरीवरच्या सापाबद्दल बौद्ध विज्ञानवादी (बाह्य जग न मानणारे) म्हणतात, तो ज्ञानाचाच आकार. नैयायिक म्हणतात, समोरची वस्तू, म्हणजे दोरी, खरी आहे आणि सापपणही खरे आहे, फक्त ते अन्यत्र पाहिलेले आहे. चूक होते ती दोहोंच्या जोडणीत. या अन्यथाख्यातीत (एक वस्तू दुसऱ्याच रूपात भासते, या मतात) मनाने रचलेली, जगात कोठेच नसलेली वस्तू मानावी लागत नाही, आणि मतिलालांना हा वास्तववाद समर्थनीय वाटला तो मला वाटते याच बळावर.

आपण आक्षेप घ्यायलाच हवा होता तो पुढच्या पायरीवर. अन्यत्र असलेल्या सापपणाशी डोळ्यांचा संबंध येतो कसा? नव्यनैयायिक (न्यायदर्शनाच्या नंतरच्या शाखेचे पंडित) सांगतात, स्मरणाच्या द्वारे, ज्ञानलक्षण प्रत्यासत्तीने, म्हणजे पूर्वीचे ज्ञानच इंद्रिय आणि वस्तू यांचा दुवा होते. त्यावर अद्वैत वेदान्त्यांनी विचारले, मग डोंगरावर धूर दिसताच स्मरणातल्या अग्नीचेही प्रत्यक्षच होईल, अनुमान हवे कशाला? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही. आपला अभ्यास असेल तर त्यावर अवश्य लिहावे.