तासभर गुंतेल म्हणून माझा कंट्रोलर मागू नका

सणासुदीला पाहुणे आले की चहाचे कप रिकामे होण्याच्या आत कोणीतरी एक वाक्य हमखास बोलते, "अरे, ह्याला जरा तुझा तो गेम लावून दे, तासभर गुंतेल." मी काय उत्तर देतो याच्याशी बोलणाऱ्याला काही देणेघेणे नसते. एव्हाना सात-आठ वर्षांचे ते चिरंजीव चिवड्याची वाटी घेऊन टीव्हीसमोर मांडी ठोकून बसलेले असतात, आई स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघून डोळे वटारत असते, आणि स्वतःच्या पगारातून घेतलेल्या, जिवापाड जपलेल्या प्लेस्टेशनचा, म्हणजे टीव्हीवर गेम खेळायच्या यंत्राचा, कंट्रोलर परक्या हातात देण्याखेरीज मला पर्याय उरलेला नसतो.

याच मंडळींनी अर्ध्या तासापूर्वी मला काय सुनावलेले असते? "घराचे हप्ते भरतोस, केस पांढरे व्हायला लागले, आणि अजून गेम खेळतोस?" म्हणजे मी खेळतो तेव्हा तो पोरखेळ ठरतो आणि घोडनवऱ्याला न शोभणारा ठरतो, पण कंट्रोलर द्यायला जरा का-कू केली की तत्क्षणी माझे वय वाढते आणि "लहान मुलाशी कसली बरोबरी करतोस?" हे ऐकून घ्यावे लागते. दोन्हीकडून मार खाणारा मीच. आमच्याच घरात काकांचा तबला आहे. त्याची गवसणी काढून शाईवर नुसते बोट फिरवायची कोणा पोराची टाप नाही. एखाद्याने तसा प्रयत्न केलाच तर त्याची आईच त्याला ओढून बाजूला नेते आणि "त्यांची वस्तू आहे, हात लावायचा नाही" असे बजावते. तीच माउली माझ्या प्लेस्टेशनपाशी आली की हे संस्कार चपलांसोबत दाराबाहेर ठेवून येते.

आता नुकसान काय होते ते सांगतो, कारण "गेमच तर आहे" म्हणणाऱ्यांना ते ठाऊकच नसते. २०२२ साली आलेला एल्डन रिंग ज्यांनी खेळला आहे, त्यांच्या पोटात हे वाचून गोळा येईल. गेल्या दिवाळीत मी पंगतीत वाढायला उठलो असताना आमच्या भाचेरावांनी तो खेळ ताब्यात घेतला आणि वाटेवर शेकोटी पेटवून बसलेल्या एका निरुपद्रवी व्यापाऱ्यावर तलवार चालवली. हा खेळ सतत आपोआप सेव्ह होत राहतो, जुनी सेव्ह उघडून झाले गेले निस्तरण्याची सोय खेळात नाही, आणि मारलेला व्यापारी पुन्हा जिवंत होत नाही. त्यानंतर भाचेराव स्वतः मेले. या खेळात मेल्यावर साठवलेले सगळे रून्स, म्हणजे खेळातली कमाई, जागेवरच पडतात आणि ते उचलायच्या आत पुन्हा मेलात तर कायमचे जातात. अर्थातच भाचेराव पुन्हा मेले, आणि "मामा, मी परत मेलो!" असे मोठ्या आनंदाने मला सांगायला जेवणाच्या खोलीत आले. रात्री उशिरा जागून, ऑफिसच्या कामातून वेळ चोरून जमवलेला तो ऐवज बासुंदीची दुसरी वाटी वाढून होईपर्यंत धुळीला मिळाला. माझा राग त्या मुलावर मुळीच नाही. दिसेल त्यावर वार करणे हे त्या वयाला साजेसेच आहे. राग आहे तो सोफ्यावरून न उठता "त्यात काय एवढे, परत खेळ की, तुला काय वेळच वेळ आहे" असे म्हणणाऱ्या त्याच्या वडिलांवर.

यावर कडी म्हणजे कोणता गेम लावायचा हेही पाहुणेच ठरवणार. "ते गाड्यांचे लाव ना" असा एका मावशींचा हुकूम सुटतो. हे गाड्यांचे म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटोचा पाचवा भाग, ज्याच्या माझ्याकडच्या खोक्यावर १८ हा वयाचा आकडा आंधळ्यालाही दिसेल एवढा ठळक छापलेला आहे. तो आकडा मी दाखवला, तोंडाने सांगितले, लहान मुलांसाठी दुसरे काही लावतो असेही म्हणालो. पण "आजकालच्या पोरांना सगळे कळते" या ब्रह्मवाक्यापुढे माझे काय चालणार? दहाव्या मिनिटाला पडद्यावर शिव्या आणि रक्तपात सुरू झाल्यावर त्याच मावशींनी "शी, कसले घाणेरडे गेम खेळतोस रे तू!" असे सगळ्यांदेखत मला सुनावले. लावायला सांगणाऱ्या त्या, खोक्याकडे न बघणाऱ्या त्या, आणि बिघडलेला मी.

वस्तूची नासधूस वेगळीच. कंट्रोलरच्या ज्या दोन स्टिक पाहुण्यांची मुले ताकाच्या रवीसारख्या घुसळतात, त्यांच्या मुळाशी पोटेन्शिओमीटर असतात आणि कार्बनच्या पट्टीवर घासत सरकणारा एक संपर्क स्टिक किती वळली हे सांगत असतो. ती पट्टी झिजली किंवा तिच्यावर कचरा बसला, की कोणी हात लावला नसतानाही खेळातला माणूस आपला एका बाजूला चालू लागतो. आम्ही त्याला ड्रिफ्ट म्हणतो. नवा कंट्रोलर पाच-सहा हजारांच्या घरात जातो. पाहुणे गेल्यावर मी टूथपिक घेऊन बटणांच्या फटींतून चिवड्याची हळद, शेंगदाण्याची साले आणि एकदा तर लाडवाचा अख्खा बेदाणा बाहेर काढलेला आहे, तरीही भरपाई सोडाच, साधे "हात धुऊन ये रे" एवढेही शब्द कोणाच्या तोंडून निघत नाहीत.

दुसरे दुखणे "ते बंद कर, पाहुणे आलेत" या फर्मानाचे. व्हॅलोरंट या ऑनलाइन गोळीबाराच्या खेळाच्या सामन्यात दोन्हीकडे पाच-पाच जण असतात, १३ फेऱ्या आधी जिंकणारा संघ विजयी ठरतो, आणि सामना अर्धा तास तरी सहज चालतो. तो मध्येच सोडला तर माझे चार साथीदार तोंडघशी पडतात आणि पुढचा सामना खेळण्यावर मला काही काळ बंदी बसते. हे साथीदार यंत्रातले बाहुले नव्हेत. नागपूर, नाशिक, मस्कत अशा ठिकाणी कामावरून येऊन, जेवणे उरकून, ठरलेल्या वेळी बसलेली जितीजागती माणसे आहेत, आणि दिलेला शब्द पाळणे हा शिष्टाचार त्यांच्या बाबतीतही लागू होतो. पाहुण्यांना ताटकळत ठेवून मी खेळत बसावे, असे माझे म्हणणे नाही. निघताना एक फोन करा. मी सामना सुरूच करणार नाही.

आणि मग येतात अर्धी बातमी वाचलेले काका. "तुमचे ते सगळे आता सरकारने बंद केले ना?" असे ते दारातच समाधानाने विचारतात. काका, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला, तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा आहे, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता दिलेली आहे. २०२३ च्या हांगझू आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्सची पदके वाटली गेली, तिथे भारताचे खेळाडू गेले होते. मी आजवर एका रुपयाची रमी खेळलेलो नाही. पण मोबाईलवर रमी खेळून कोणी पगार उडवला की नातेवाइकांच्या ग्रुपवर ती बातमी मला उद्देशून पडते, आणि ती टाकणारे स्वतः दर शनिवारी क्लबात पॉइंटवर पत्ते कुटत असतात.

तेव्हा यापुढे माझ्याकडे येणाऱ्या मुलांसाठी मी प्लेस्टेशनवर वेगळे खाते उघडून ठेवले आहे. त्यावर मशीनसोबत फुकट येणारा ॲस्ट्रोज प्लेरूम आहे, लहानांना झेपेल असा आणि मोठा गोड. हात धुवायचे, खाऊ लांब ठेवायचा, जुना कंट्रोलर घ्यायचा आणि हवे तेवढे खेळायचे. माझे खाते पासकोडखाली आहे, १८ आकड्याच्या डिस्का आणि चांगला कंट्रोलर कपाटात कुलूपबंद आहेत, आणि त्या कुलपाची किल्ली कुठे आहे हे आईलाही ठाऊक नाही, कारण पाहुण्यांपुढे सर्वांत आधी फितूर होते ती तीच.