मामांचं रक्त कुणी ‘चोरलेलं’ नाही

“लिव्हरच्या रुग्णांनो, सही करण्याआधी हे वाचा!” असा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मोठी हॉस्पिटलं संशोधनाच्या नावाखाली लिव्हर आणि पित्तनलिकेच्या रुग्णांचं रक्त, पित्त, गाठीचे तुकडे गोळा करतात. सुई टोचली की कॅन्सर अंगभर पसरतो. कॅन्सर नसलेल्यांचंही रक्त घेतात, म्हणजे आत काहीतरी काळंबेरं आहे. नमुने परदेशी कंपन्यांना विकतात, आणि पुराव्यादाखल अमेरिकेतल्या एका बाईची गोष्ट. थेंबभर रक्तात कॅन्सर सांगणारी तपासणी केव्हाच तयार आहे, पण ती दाबून ठेवलीय. शेवटी उपाय: भुईआवळ्याचा रस.

असले मेसेज मी वाचून पुसते. हा पुसून भागलं नाही, कारण तो मामांपर्यंत पोचला. मामांना हिपॅटायटिस बीमुळे सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर कडक झालंय. कॅन्सर नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपीची रक्ततपासणी, एवढाच नेम. मागच्या खेपेला तिथे संशोधनासाठी थोडं जास्तीचं रक्त मागितलं, मामांनी सही करून दिलं. आता म्हणतात, “माझा उंदीर केला त्यांनी,” आणि सोनोग्राफीलाही जायला तयार नाहीत.

तेव्हा ज्या मुद्द्याने ते बिथरले तो आधी. कॅन्सर नसलेल्याचं रक्त कशाला?

लिव्हरचा कॅन्सर रक्तात शोधायला आपण आजही मुख्यतः एएफपी या प्रथिनावर विसंबतो. हे प्रथिन १९६३ साली मॉस्कोत अबेलेव यांना लिव्हरमध्ये गाठ असलेल्या उंदरांत सापडलं आणि पुढच्याच वर्षी तातारिनोव यांना माणसात. म्हणजे साठ वर्षांचा जुना मार्कर, आजाराची रक्तातली खूण. तोही लहरी: हिपॅटायटिस उसळला की कॅन्सर नसताना वाढतो, गरोदरपणात वाढतो, आणि गाठ लहान असताना, म्हणजे नेमकं जेव्हा हवं तेव्हा, बऱ्याच जणांत वाढतच नाही. पित्तनलिकेच्या कॅन्सरसाठी वापरतात त्या सीए १९-९ ची तऱ्हा आणखी वाईट. नुसता खडा अडकून कावीळ झाली तरी तो चढतो, आणि शंभरात पाच-दहा माणसांच्या शरीरात तो जन्मतःच तयार होत नाही.

याहून बरा मार्कर शोधायचा तर तुलना कुणाशी करणार? कॉलेजातल्या ठणठणीत पोराशी केली तर सिरॉसिसमुळे रक्तात झालेला प्रत्येक बदल कॅन्सरची खूण वाटेल. तुलना मामांसारख्यांशीच हवी. तोच विषाणू, तसंच कडक झालेलं लिव्हर, फक्त गाठ नाही. आणि कटू आहे तरी लिहिते: अशा माणसांपैकी काहींना पुढे गाठ होते. तेव्हा आधीचं साठवलेलं रक्त हाताशी असेल तरच कळतं, गाठ दिसण्यापूर्वी रक्तात काय बदलत होतं. आजार झाल्यावर घेतलेल्या रक्तातून हे कधीच कळणार नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. शांघायमध्ये १९८६ ते १९८९ दरम्यान १८,२४४ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त आणि लघवी घेऊन साठवली गेली. त्यातल्या २२ जणांना पुढे लिव्हरचा कॅन्सर झाला. त्यांचे जुने नमुने काढून, कॅन्सर न झालेल्यांच्या नमुन्यांशी ताडून पाहिले, तर बुरशी लागलेल्या शेंगदाण्या-मक्यातून येणाऱ्या अफ्लाटॉक्सिनच्या खुणा आजारी पडलेल्यांच्या लघवीत जास्त सापडल्या. हिपॅटायटिस बी सोबत असेल तर धोका कितीतरी वाढलेला. १९९२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. ज्या हजारो लोकांना काहीच झालं नाही, त्यांच्या बाटल्या नसत्या तर त्या २२ बाटल्यांना शून्य अर्थ होता. फॉरवर्डवाल्याला ज्यात काळंबेरं दिसतं, ती या कामाची पहिली अट आहे.

आता सुई. इथे थोडं मान्य करावं लागतं. लिव्हरच्या गाठीची बायोप्सी करताना, म्हणजे सुईने तिचा तुकडा काढताना, सुईच्या वाटेवर पेशी रुजू शकतात. २००८ साली ‘गट’ या नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून हे प्रमाण २.७ टक्के काढलं होतं. सुईच्या वाटेवर, अंगभर नव्हे. आणि ही गोष्ट कुणी लपवलेली नाही. म्हणूनच सिरॉसिसच्या रुग्णात सीटी किंवा एमआरआयवर ठराविक चित्र दिसलं तर डॉक्टर बायोप्सी न करताच निदान करतात, आणि पित्तनलिका लिव्हरमधून बाहेर पडते तिथे गाठ असून लिव्हर बदलायचा विचार असेल तर पोटातून सुई घालणं चक्क टाळतात. पण मामांच्या लिव्हरला कुणी सुई लावलीच नव्हती! दंडाच्या शिरेतून रक्त काढलं होतं. त्याने कॅन्सर भडकत असता तर साखर तपासून घेणाऱ्या निम्म्या महाराष्ट्राचं काय झालं असतं? गाठीचे तुकडे बहुतेक वेळा ऑपरेशनने काढलेल्या गाठीतून, तपासणीपुरतं बाजूला ठेवून उरलेले असतात. पित्तही बहुधा कावीळ उतरवायला दुर्बिणीतून नळी घालतानाच घेतात.

विक्री. ती अमेरिकन बाई म्हणजे हेन्रिएटा लॅक्स, आणि तिची गोष्ट खरी आहे. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये तिला न विचारता गाठीच्या पेशी घेतल्या, पुढे त्यावर धंदा झाला. पण तिला कुणी विचारलं नव्हतं. मामांना विचारलं होतं. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नमुन्यावर मालकी देणाऱ्याची असते, बायोबँक, म्हणजे नमुने साठवणारी संस्था, फक्त सांभाळणारी, आणि संमती मागेही घेता येते.

दाबून ठेवलेली तपासणी? तपासणी तयार असेल तर नमुने कशाला चोरतील? एकाच मेसेजमध्ये दोन्ही कसं खरं?

भुईआवळ्याबद्दल एवढंच: १९८८ साली मद्रासच्या एका चाचणीत तो घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून हिपॅटायटिस बीची खूण गेल्याचं छापून आलं होतं, नंतरच्या चाचण्यांत तसं दिसलं नाही. कॅन्सरशी त्याचा संबंध नव्हता. आणि हेसुद्धा कळलं ते रुग्णांचं रक्त पुन्हा पुन्हा घेऊनच.

हॉस्पिटलांवर माझा राग एका गोष्टीचा आहे, संमतीपत्राचा. मामांना दिलेलं मराठी पत्र मी वाचलं, वाक्यावाक्याला अडखळले. समजावायला कुणी बसलं नाही, म्हणूनच फॉरवर्डला जागा मिळाली. तेव्हा सही करताना सरळ विचारा: जास्तीची सुई लागणार आहे का, नमुना कुठे आणि किती वर्षं राहील, बाहेर पाठवणार का, नाव त्यावर असेल का, मागे घ्यायचा तर कुणाला भेटायचं. उत्तरं पटली नाहीत तर नाही म्हणा, त्यामुळे तुमचे उपचार थांबवता येत नाहीत. पण तो नकार संशोधनाला द्या. सोनोग्राफी चुकवू नका.