पाचशे फूट, पाचशे मीटर आणि एक खुर्ची

शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर बंड्या आला तोच तापलेला. दोन गाड्यांचा मालक, त्यातली एक टेम्पोएवढी रुंद. "पार्किंगचा दाखला नसेल तर गाडीची नोंदणीच नाही म्हणे! परिवहनमंत्री सरनाईकांनी २०२५ ला पुडी सोडली ती अजून डोक्यात बसलीये. माणसाने गाडी घ्यायचीच नाही का?"

"घे की. पण ठेव तुझ्या घरात," मंदा शेंगा सोलत म्हणाली. "मी फ्रिज घेतला तर रस्त्यावर ठेवते का?"

इथेच खरं तर विषय संपायला हवा होता. पण बंड्या तो बंड्याच. "मी मालमत्ता कर भरतो! अठराव्या मजल्याचा, भांडवली मूल्याने! तुम्ही जुन्या बिल्डिंगवाले फुकटे. घर पाचशे चौरस फुटांच्या आत म्हणून २०२२ पासून कर शून्य!"

"चारशे ऐंशी," मंदाने दुरुस्त केलं. "आणि समुद्र मलाही दिसायचा रे. तुझा टॉवर उभा राहिल्यापासून तुझे वाळत घातलेले लेंगे दिसतात. त्याचा कर कोण देणार?"

अण्णांचा चहा नाकातून आला. ते सावरले आणि नेहमीप्रमाणे नियमांत शिरले. "कर रेडी रेकनरच्या सरकारी दरांवर चालतो, लेंग्यांवर नाही. पण गंमत बघा, पालिकेच्या २०३४ च्या बांधकाम नियमावलीत ४५ चौरस मीटरपर्यंतच्या घरांना चार घरांमागे एका गाडीची जागा. म्हणजे आपली बिल्डिंग पाडून नवी झाली तरी मंदाच्या वाट्याला एक चाक."

"स्टेपनी द्या, तुळस लावीन."

"२०१९ ला तर पालिकेने कहर केलेला," बंड्याचं दुखणं वर आलं. "वाहनतळापासून पाचशे मीटरच्या आत रस्त्यावर बेकायदा गाडी लावली की दहा हजार दंड!"

"कोहिनूरचं वाहनतळ पाच मिनिटांवर आहे. चालायचं होतंस." मंदा थांबेना. "पण तू कधी धावलास? त्या फायनलला अण्णांना रनआउट केलंस ते धावायचा कंटाळा म्हणूनच."

"तो कॉल त्याचा होता!"

"माझा? मी अर्ध्यात पोचलो होतो!" अण्णा उठून उभेच राहिले. मग दहा मिनिटं तीच मॅच. चाळीस वर्षांत अण्णा त्या खेळपट्टीवर दर वेळी थोडे आणखी पुढे पोचलेले असतात.

शेवटी बंड्या म्हणाला, "मी निघतो. माझ्या जागेवर कोणीतरी गाडी घुसवेल."

"तुझी जागा? रस्त्यावर?"

"खुर्ची ठेवून आलोय. निळी, एका हाताची."

मंदाच्या हातातली शेंग थांबली. "पाठीवर मंडळाचं नाव आहे ती? गणपतीपासून आमची एक खुर्ची कमी भरतेय! खजिनदार म्हणून मी सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या!"

बंड्या गप्प. मग बारीक आवाजात, "भाडं लावणार का?"

अण्णांनी वीतभर हात पसरून हवेत माप घेतलं. "पाचशे फुटांच्या आत आहे. माफ."