कठडे रंगवून पूल मजबूत होत नाही

आज सकाळी गावाकडे जाताना महामार्गावरच्या आमच्या जुन्या पुलाचे कठडे रंगवण्याचे काम चालू असलेले पाहिले आणि संताप आला. कठड्याच्या बाहेर, दगडांच्या सांध्यातून मनगटाएवढ्या जाडीचा पिंपळ वर आला आहे आणि त्याची पाने बाजूला सारून ब्रश फिरत होता. दोष रंगाऱ्याचा नाही, त्याला रंगाचेच काम दिले होते.

माझे वडील गवंडी होते. उन्हाळ्यात नदी आटली की ते मला या पुलाखाली नेत. एका वर्षी त्यांनी खांबाच्या तळाशी बसून दगडांच्या फटीत हात घातला, तर तो कोपरापर्यंत आत गेला. चुना धुऊन गेला होता आणि पायाभोवतीची वाळू काही पुराने, काही ट्रकांनी नेली होती. त्यांनी अर्ज केला. उत्तर आले, की पाहणी झाली असून पूल वाहतुकीस योग्य आहे. पाहणीची गाडी पुलावरच थांबली होती आणि खाली कोणीही उतरले नव्हते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते.

महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह कितीतरी माणसे नदीत गेली. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची तपासणी होऊन धोका नसल्याचा निर्वाळा देण्यात आला होता. शेजारीच दुसरा, नवा पूल उभा होता! पुढे कोसळलेल्या पुलाच्या जागी नवीन पूल जून २०१७ मध्ये, म्हणजे वर्षाच्या आत वाहतुकीस खुला झाला. मनावर घेतले तर काम होते, फक्त त्यासाठी आधी माणसे जावी लागतात का?

पुराचे पाणी खांबाला आदळले की तळाशी भोवरे तयार होतात आणि पायाभोवतीची माती उकरली जाते. पूर ओसरताना तोच खड्डा सैल गाळाने भरतो आणि वरून सारे ठीक दिसते. वडिलांचा हात जिथे आत गेला, ती जागा पावसाळ्यात पाण्याखाली असते. तिथे पाणबुडे उतरवल्याशिवाय केलेल्या पाहणीला मी पाहणी मानत नाही.

प्रत्येक जुना पूल धोकादायक नसतो, हे मान्य. ९ जुलै २०२५ रोजी कोसळलेला गुजरातमधला गंभीरा पूल तर १९८५ मधला, म्हणजे सावित्रीवरच्या पुलापेक्षा खूपच नवा होता. पूल बंद केला की दवाखान्याचा आणि बाजाराचा वळसा गरिबालाच पडतो, हेही खरे. त्या अर्जाला उत्तर लिहिणाऱ्या कारकुनावर आता माझा रागही उरलेला नाही, कारण त्याच्यापुढे जो कागद आला त्यावरूनच त्याने लिहिले असणार. पण वडील पावसाळ्यात त्या पुलावरून एसटीने जाताना खिडकीची सळई घट्ट धरून बसत, ते मला विसरता येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक जुन्या पुलाच्या दोन्ही टोकांना मराठीत फलक लावावा, त्यावर पाहणी कोणी, कोणत्या तारखेला केली, खांबांच्या तळाशी काय आढळले आणि पाणी किती चढले की वाहतूक थांबवायची, हे लिहावे. आपल्या गावच्या पुलाचा शेवटचा पाहणी अहवाल माहितीच्या अधिकारात मागा. मी उद्याच अर्ज टाकतो आहे, नमुना हवा असेल त्यांनी कळवावे.