तिसरी पिन कापू नका! किट-बासच्या ‘सात युक्त्या’ पाठवणाऱ्यांना उत्तर

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला सांगलीहून भाच्याचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. “मामा, हम गेला! एकदम गेला!” हम म्हणजे अँपमधून, बासचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीतून, सतत येणारी घूं. बारावीची परीक्षा संपल्यापासून तो बास गिटारचं किट जोडतोय. बॉडी, नेक (तारांखालची लांब दांडी), पिकअप (तारांची कंपनं टिपणारं चुंबक), ब्रिज (बॉडीवर तारा अडकवायची धातूची पट्टी), चार खुंट्या आणि स्क्रूंची पुडी, असं सगळं सुटं आलेलं. तीन आठवडे खपून त्यानं ते उभं केलं होतं. मी विचारलं, “कसा घालवलास?” तर म्हणाला, “अँपच्या प्लगची तिसरी पिन कापली. मेसेजमध्ये तसंच लिहिलं होतं.”

आधी अँप बंद करायला लावला, मग प्लग काढायला लावला. प्लग हातात घेऊन त्यानं दाखवला, तेव्हाच पुढचं बोललो.

‘घरच्या घरी बास गिटार, एका रविवारात! सात सोप्या युक्त्या’ या नावाचा तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. माझ्याकडे तो आतापर्यंत तीनदा आलाय. त्यातले सात मुद्दे थोडक्यात असे: एका रविवारात बास तयार होतो; बासवुड हे खास बाससाठीचंच लाकूड आहे; नेक पट्टीसारखी सरळ होईपर्यंत ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) आवळा; ब्रिजची भोकं पाडलेलीच असतात, मोजत बसू नका; टू-के पीयूचा (दोन भाग मिसळून वापरायच्या पॉलिशचा) स्प्रे खोलीतच मारा, तोंडाला रुमाल पुरतो; ब्रिजखालची (तारांना अर्थला जोडणारी) वायर लावली नाही तरी चालते; आणि हम येत असेल तर अँपच्या प्लगची जाड पिन काढून टाका, मोबाइलच्या चार्जरला तरी कुठे तिसरी पिन असते?

सातव्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुकांनी बास बिघडेल, या चुकीनं माणूस जाईल.

अँपचा लोखंडी सांगाडा आतून त्या जाड पिनेला जोडलेला असतो. आत एखादी वायर सुटून सांगाड्याला टेकली, तर करंट पिनेतून अर्थिंगला जातो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. पिन कापलीत की ती वाट बंद झाली. मग सांगाड्यावर 230 व्होल्ट नुसते उभे राहतात, आणि अँप काहीच झालं नसल्यासारखा वाजत राहतो. पुढची वाट बघा. सांगाड्यापासून केबलची बाहेरची जाळी, जाळीपासून जॅक (बासवरची केबल खोचायची जागा), जॅकपासून ब्रिज, ब्रिजपासून तारा, आणि तारांवर तुमची बोटं. अनवाणी पायानं ओल्या फरशीवर उभे असाल, किंवा दुसऱ्या हातानं नीट अर्थ असलेल्या माइकला हात लावलात, की सर्किट तुमच्या छातीतून पूर्ण होतं.

चार्जरचं उदाहरण तर मुळातच चुकीचं आहे. चार्जरला बाहेरून हात लागेल असं उघडं लोखंड नसतं. आत दुहेरी इन्सुलेशन असतं, म्हणून त्याला तिसरी पिन लागत नाही. तशा वस्तूवर चौकोनात चौकोन अशी खूण छापलेली असते. तुमच्या अँपवर ती खूण आहे का, मागे वळवून बघा. थ्री-पिन प्लगसकट आलेल्या अँपवर ती सहसा दिसणार नाही.

मी उगाच भीती घालत नाहीये. 3 मे 1972 रोजी वेल्समधल्या स्वॉन्झी इथं ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी मंचावरच झटका बसून दगावला. गिटार गळ्यात होती आणि नीट अर्थ नसलेल्या माइकला त्याचा हात लागला. 1976 साली ‘यार्डबर्ड्स’चा माजी गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरात तसाच दगावला, अर्थिंग नीट नसलेली इलेक्ट्रिक गिटार वाजवताना. दोघांचाही हात रोज वाद्यावर असायचा. मला स्वतःला कॉलेजात असताना गणपतीच्या मांडवात झटका बसलाय. हातात बास होता, ओठ माइकला लागले आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. दोन दिवस ओठ सुजून होता. नंतर अँपची वायर उलगडून पाहिली, तर टोकाला टू-पिन होती.

आता मान्य करायला जिवावर येतं, पण खरं तेही सांगतो. पिन काढल्यावर कधी कधी हम खरोखर जातो. दोन यंत्रं दोन वेगळ्या बोर्डांवर लावली की अर्थिंगचं वेटोळं तयार होतं आणि त्यातून गुणगुण येते. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर लावणं. तेवढ्यानं भागलं नाही, तर डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सरच्या मध्ये लावायची छोटी पेटी) घ्या. त्यावरचं ग्राउंड-लिफ्टचं बटण आवाजाच्या केबलची जाळी तोडतं, विजेची पिन शाबूत राहते.

भाच्याच्या बासमध्ये तर वेटोळं नव्हतंच. किट फेंडर कंपनीच्या ‘प्रिसिजन’ बासच्या पद्धतीचं, म्हणजे पिकअप दोन तुकड्यांचा. 1957 पासून हा पिकअप असाच बनतो, आणि दोन्ही तुकडे उलटसुलट जोडलेले असल्यामुळे हम बराचसा एकमेकांत मिटतो. तरीही घूं करून येत होता. आपल्या विजेची कंपनं सेकंदाला 50. बासच्या जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे नेकवरची आडवी धातूची पट्टी) जो जी सूर वाजतो तो 49, आणि जी ची मोकळी तार 98, म्हणजे हमच्या दुपटीला जवळजवळ खेटून. सहातारी गिटारपेक्षा बासमध्ये हम जास्त छळतो तो यामुळेच, तो बासच्याच घरात येऊन बसतो. भाच्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि पिनेला हात न लावता दुसरा, थ्री-पिनचा छोटा अँप जोडायला सांगितला. तारांना हात लावला, हम तसाच. जॅकच्या धातूला बोट लावलं, हम खाली. म्हणजे दोष ब्रिजच्या वायरीत. ब्रिज उचलून त्यानं कॅमेरा जवळ नेला. वायरीचं तांबं जेमतेम तीन मिलिमीटर सोललेलं होतं आणि ते पॉलिशच्या थरावर पडून होतं, ब्रिजला टेकतच नव्हतं. दोन सेंटिमीटर सोलायला लावलं, तांब्याचे धागे पंख्यासारखे पसरून ब्रिजखाली दाबायला लावले. मल्टिमीटरची एक काडी ब्रिजला, दुसरी जॅकला, आणि टूं वाजलं. त्यासरशी हमही बसला. सहाव्या मुद्द्याचं उत्तर यातच आलं. त्या मेसेजनं आधी वायर लावू नका म्हणून हम आणला आणि मग तो घालवायला पिन कापायला सांगितली.

पाचवा मुद्दा, टू-के पीयू. सुतार फर्निचरला मारतात तेच हे. त्यात मिसळायच्या दुसऱ्या भागात, म्हणजे हार्डनरमध्ये, आयसोसायनेट हे रसायन असतं. स्प्रेतून उडालेले त्याचे बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि स्प्रे थांबल्यावरही खोलीत तरंगत राहतात. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागानं स्पष्ट सांगितलंय की या रंगांचा स्प्रे हे त्यांच्याकडे कामातून होणाऱ्या दम्याचं एक मोठं कारण आहे. मारणाऱ्यानं बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटाच घालायचा, असा त्यांचा नियम आहे. एकदा शरीरानं आयसोसायनेटचा धसका घेतला, की पुढे चिमूटभरानंही श्वास अडतो. तिथं रुमाल काय करणार? शिवाय ताईच्या त्या दोन खोल्यांच्या घरात आजी झोपते.

मिरज त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. सतारमेकर गल्लीत जाऊन चपडा आण म्हटलं. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापडाच्या बोळ्यानं पातळ पातळ थर द्यायचे. सतारीला शोभतं ते बासलाही शोभेल. फक्त खिडकी उघडी ठेवायची आणि गॅस बंद. जवसाचं तेल वापरणार असाल, तर तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

ट्रस रॉड. नेक पट्टीसारखी सरळ नको असते, किंचित खोलगट लागते, कारण तार वाजताना मध्यभागी सगळ्यात जास्त हलते. फेंडरनं स्वतःच्या सेटअप-मार्गदर्शिकेत माप दिलंय. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरा आणि आठव्या फ्रेटवर तारेखाली फट बघा. 9.5 ते 12 इंच रेडियसच्या (म्हणजे फ्रेटच्या बाजूच्या गोलाईच्या) नेकला ती 0.012 इंच, म्हणजे 0.3 मिलिमीटर हवी, साध्या व्हिजिटिंग कार्डाएवढी. एका वेळी पाव फेरा पुरे. जोर लागतोय असं वाटलं की थांबा. चार तारांचा मिळून सत्तर-ऐंशी किलोंचा ओढा त्या नेकवर असतो, त्यात आतला रॉड तुटला तर नेक फेकून द्यावी लागते.

ब्रिजची भोकं बहुतेक किटमध्ये बरोबर असतात, हे खरं. पण मोजायला दोन मिनिटं लागतात. 34 इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) असेल, तर नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत 17 इंच आणि तिथून सॅडलपर्यंत (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) पुन्हा 17, जाड तारेला थोडं जास्त. कडेच्या दोन तारांच्या जागी दोरा ताणून बघा, नेकच्या दोन्ही कडांपासून सारखा राहतो का.

बासवुडचा बासशी काही संबंध नाही. ते लिंडेनच्या जातीचं झाड आहे, नावातला ‘बास’ सालीच्या तंतूंवरून आलाय. राहिला रविवार. जोडणी एका दुपारी होते, पॉलिश वाळायला आठवडे जातात.

पिन ज्यांनी आधीच कापलीय, त्यांनी टेप गुंडाळून तो प्लग चालवू नये. नवा थ्री-पिन प्लग आणा. हिरवी वायर वरच्या जाड पिनेला आणि ती इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे ओढ बसली तर सगळ्यात शेवटी सुटेल. घरातल्या बोर्डाला अर्थिंग खरंच आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या, आणि तेव्हाच 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवायला सांगा. ताईकडे वायरमन शनिवारी येतोय. तोवर भाचा अँपशिवाय वाजवतोय, बॉडीवर हनुवटी टेकवून, म्हणजे खालचा ई हाडातून ऐकू येतो.